वजनाआधी मांडे वाढले!

सगळ्यात आधी आली शेजारची शांताअक्का, पाहुण्यांच्याही आधी! धुळ्यात देशोदेशीच्या लेकरांच्या स्पर्धा चालल्यात ना, त्यातली मंगोलियाची कुस्तीवाली पोरगी अन् तिच्या मास्तरीणबाई आज आपल्याकडे आल्या. काय गोड पोर!

बाई हात धुवायला गेल्या, तोवर मी पुरणाचे मांडे वाढले. पोर नको नको करे. पाहुणा नको म्हणतोच, म्हणून मी आणखी एक वाढला, वर तूप.

बाईंनी येऊन कपाळाला हात लावला. दुपारी कुस्तीसाठी पोरीचं वजन करायचं होतं! जास्त भरलं तर बाद.

अक्का म्हणे, "तू ते पोरले बादच करी टाकं!"

वजन उतरावं म्हणून पोर अंगणात उड्या मारे, मी देवापुढे.

चारला बाईंचा फोन आला, वजन गटात बसलं! तुम्ही पाहुण्याचं 'नको' ऐकता का हो?

रविवारी, कुस्ती झाल्यावर, परत येणारेत.