ढवळूचं विमान

ढवळूने ठाण्याच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये अठरा वर्षं काढली आणि त्या अठरा वर्षांत एकदाही गेम खेळला नाही. मालकाचा नियमच होता, कामगाराने फडका मारायचा, दांडीला हात लावायचा नाही. तिथे एका खोक्यात पाच खेळ होते: मोटारींची शर्यत, मारामारी, फुटबॉल, विटा रचणं आणि विमान. विमानावर ढवळूचा जीव. कोणतं शत्रूचं विमान कुठून येणार, हे त्याला पाठ होतं. पोरं आपटायची तेव्हा तो मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचा आणि बाहेरून काच पुसायचा.

मग पोरांच्या हातात मोबाईल आले आणि पार्लर बसलं. मालक म्हणाला, हवं ते घेऊन जा. शहाण्यांनी पंखे उचलले. ढवळूने ते खोकं उचललं, टेम्पोत घातलं आणि खोडाळ्याच्या बाजारात बायकोच्या चहाच्या टपरीत आणून उभं केलं.

लाडकीने अठरा वर्षं एकटीने टपरी चालवली होती. नवरा परत आला याचा तिला आनंद झाला, पण त्याच्यासोबत आलेल्या कपाटाने बाकड्याची जागा खाल्ली म्हणून तो आनंद दुपारपर्यंतच टिकला. तिने खोकं वाजवून पाहिलं. आतलं भंगार काढलं तर तीन पोती नागली, म्हणजे नाचणी, सहज मावेल आणि उंदीर शिरणार नाही, असा निकाल दिला. दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीपर्यंत मुदत. तोवर त्याचा काही उपयोग दिसला नाही तर नागली आत, आतला टीव्ही बाहेर.

आता माणसाने काय करावं? बटण दाबून गुपचूप खेळून टाकावं. पण ढवळू पडला रीतीचा माणूस. रानातली कोवळी भाजीसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय त्याच्या घरात शिजत नसे. नव्या वस्तूचा पहिला मान भगताला, मग पाड्यातल्या म्हाताऱ्यांना, मग गिऱ्हाइकांना आणि सगळ्यांत शेवटी घरच्याला. त्याने देवजी भगताला बोलावलं आणि विमानासमोर बसवलं.

देवजी भर बाजारात अर्ध्या मिनिटात तीनदा मेला. लोक हसले. भगताला हसतात म्हणजे काय? त्याने जागेवरच सांगून टाकलं की या खोक्यात मरण आहे, हात लावू नका. झालं. म्हातारे पुढे येईनात, म्हाताऱ्यांशिवाय गिऱ्हाईक येईना आणि गिऱ्हाइकाआधी ढवळूला खेळता येईना. रांग दुसऱ्या नंबरावर अडकली ती चार महिने. लोक खोक्याला पिशव्या टेकवून चहा प्यायचे. ढवळू रोज सकाळी काच पुसायचा.

वाघबारशीच्या सकाळी लाडकी पाना आणि भंगार भरायला दोन रिकामी पोती घेऊन आली. देवजी बाकड्यावर बशीतून चहा ओढत होता. ढवळू फडका मारत होता.

"देवजीबाबा काय खेळला ते सगल्यांनी पाह्यलं," लाडकी म्हणाली. "तू काय खेळलास?"

ढवळूने सांगितलं, काहीच नाही. ठाण्यालाही नाही. मालक खेळू देत नसे.

अठरा वर्षं लाडकीने पाड्यात सगळ्यांना सांगितलं होतं की नवरा मुंबईकडे मजा मारतोय. तिला आता त्याचा राग यावा की मालकाचा, हेच कळेना. समोर मिळाला देवजी.

"बाबा, तू तीनदा मेलास ना? मंग ह्यो माझा च्या कोन पितो?"

देवजीने बशीकडे पाहिलं. त्याने चहा संपवला आणि तोंड पुसून तो म्हणाला की मरण आता उतरलं असेल, खेळू दे त्याला.

ढवळूने फडका खांद्यावर टाकला आणि दांडी धरली. पहिलं विमान डावीकडून येणार हे त्याला ठाऊक होतं, ते डावीकडूनच आलं. त्याच्या डोळ्यांना सगळं माहीत होतं, हातांना काहीच नाही. देवजीपेक्षाही लवकर तो तीनदा मेला. देवजीला इतका आनंद झाला की त्याने आणखी एक चहा सांगितला.

ढवळू दांडी धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

लाडकीने पोत्यांची घडी केली.

"परत खेल," ती म्हणाली. "नागलीला पिंप हाय."