भाऊजींच्या विमानाचे डाग

माझे दीर हवाई दलात होते. विमान उडवायला नव्हे, विमान उडण्यालायक ठेवायला. जग्वार जातीचं एक लढाऊ विमान वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून गेलं. सकाळी तपासून सोडायचं आणि परत आलं की पुन्हा त्याच्या पोटाखाली शिरायचं. सासूबाईंना हा फरक कधी पटला नाही. त्या मूळच्या नरडाण्याकडच्या. जळगावला आमच्याकडे येऊन जमाना झाला, तरी बोली तीच, अहिराणी. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना त्या एकच ऐकवत, "मना आंडोर इमान चालाडस." आपला मुलगा विमान चालवतो, ह्या त्यांच्या आनंदात मोडता घालायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

गेल्या श्रावणात भाऊजी निवृत्त झाले. सामानसुमान आवरून दसऱ्याला कायमचे घरी येणार होते. फोनवर म्हणाले, "वहिनी, शेवटच्या दिवशी माझं विमान दुसऱ्याच तळावर गेलेलं. हत्यारांची पेटी परत केली नि निघालो. नुसता हात लावायचा होता हो." एरवी एका वाक्यात फोन ठेवणारा माणूस. तो 'हो' माझ्या काळजाला लागला. मी तेव्हाच ठरवलं, विमान नाही तर विमानाची प्रतिकृती. पण जग्वारची कुठलीही नाही, भाऊजींच्या जग्वारची. पाहताक्षणी ओळखतील अशी.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी संपल्यापासून प्लॅस्टिकची विमानं जोडायचा नाद लागलाय. आमचे हे म्हणतात, जळगावला विमानतळ आहे, तू दुसरा कशाला काढतेस? बोलू देते. सुटे भाग घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, एवढं चिकाटीवर होतं. खरी मजा त्यानंतर, विमान मळवण्यात. नवंकोरं विमान खेळणं दिसतं. गडद तपकिरी तैलरंग पातळ करून पत्र्यांच्या रेघांत सोडायचा, जास्तीचा पुसायचा, आणि तेलाचे ओघळ वारा जातो त्या दिशेनं ओढायचे. धुळीचा रंग काही मी विकत आणला नाही. जळगावात खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की झालं.

पण भाऊजींचं विमान मळतं कुठं, हे मला कसं कळावं? मी फोन करकरून विचारायचे, "गुपितं नकोत भाऊजी, डाग सांगा." वहिनींचा छंद म्हणून तेही सांगत सुटायचे. डाव्या पंखाखाली तेलाचा एक ओघळ, कितीही पुसला तरी दुसऱ्या दिवशी हजर. शेपटीखालचं पोट धुरानं काळं. एक झाकण दुसऱ्या विमानाचं बसवलेलं, म्हणून रंगाला जरा फिकं. मी ऐकत गेले आणि एकेक डाग उतरवत गेले. शेवटी विमान असं काही मळलं की मी स्वतःवरच खूश झाले. रंग पक्का करणारा वॉर्निशचा हात तेवढा राहिला होता.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे ह्या दिवशी कामाची सगळी हत्यारं धुऊन पुजतात. मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. दुपारी परत येऊन पाहते तर गच्चीवर जुन्या लुगड्यावर विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, यांची हातोडी आणि त्यांच्या शेजारी विमान, ओळीनं वाळत ठेवलेलं. लख्ख! विळ्याचा गंज काढायला सासूबाईंनी रॉकेलचं फडकं घेतलं होतं, तेच विमानावरून फिरवलेलं. वरून साबण. नाकाडावर हळदीकुंकू.

"आई, हे काय करून बसलात!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण कठड्याशी आली.

सासूबाई शांत. "इतलं घान इमान! मना आंडोर काय म्हनी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रडूही आलं. थोड्या वेळानं विमान हातात घेतलं तर प्रत्येक रेघेतली घाण सुईनं कोरून काढलेली. धड दिसत नसलेल्या डोळ्यांनी त्या माउलीनं सकाळभर तेच केलं होतं. रागवायची पण सोय राहिली नाही. तैलरंग वाळायला दिवस लागतात आणि भाऊजी तर दुसऱ्या दिवशी येणार.

दसऱ्याला आमचे हे त्यांना भुसावळ स्टेशनवरून घेऊन आले. संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि अंगणात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायला घातली. कपाशीच्या काड्यांचा जाळ नसेल तर आमच्याकडे त्याला भरीत म्हणत नाहीत. मी धीर करून विमान आणलं.

भाऊजींनी ते फिरवून पाहिलं. "छान झालंय, वहिनी. नवंच दिसतंय. कुठलं हे?"

"तुमचंच," मी म्हटलं.

"हो का? वा," म्हणाले आणि विमान अदबीनं खाली ठेवलं. त्या अदबीवरूनच कळलं, त्यांनी ओळखलं नव्हतं. मग मला राहवेना. फोनवरचे डाग, तपकिरी रंग, खंडेनवमी, रॉकेल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आईनं धुतलं? रॉकेलनं?" भाऊजी हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. मग एकदम उठून जाळाजवळ बसले. वांग्याच्या करपलेल्या सालीची काजळी बोटावर घेतली, त्यात गोड्या तेलाचा थेंब टाकला आणि खराट्याची एक हीर मोडून घेतली. विमान उताणं केलं आणि डाव्या पंखाखाली ती हीर मागच्या बाजूला ओढली. ओघळ अर्ध्यावर जरा वाकडा झाला.

"हां. हाच," म्हणाले. विमान सुलटं करून त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मला इतका आनंद झाला की मी वांगी उलटायची विसरले.

विमान पुन्हा मळताना सासूबाई खाटेवरून बघत होत्या. "आखो घान करस?" म्हणाल्या. मग जवळ आल्या, वाकून काचेतून आत पाहिलं. आत एकच खुर्ची. "यामां तू कोठे बसस रे?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जाळाकडे.

भाऊजींनी विमान लाकडी पाटावर त्याच्या चाकांवर उभं केलं. डाव्या पंखाखाली, ओल्या ओघळाच्या बरोब्बर खाली, पाटावर बोट टेकवलं. "मी बसत नै, माय. मी आठे उभा राहस. मी सांगस तवय हाई हालस."

लेकाच्या सांगण्यावर हलणाऱ्या त्या विमानाकडे सासूबाईंनी पाहिलं, मग पाटावरच्या त्या जागेकडे. त्या आत गेल्या तेव्हा मला वाटलं, झालं, दुखावल्या. पण येताना त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. नाकाडावरचं कालचं हळदीकुंकू त्यांनी पदरानं पुसून टाकलं.

"मंग आठेच लावसू," म्हणाल्या, आणि पंखाखालच्या रिकाम्या पाटावर, भाऊजींचं बोट होतं तिथं, त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं.