चुन्याच्या घाणीपलीकडे

"ए म्हारणी, कुठं चाललीस? रावसाहेबांवर सावली पाडतीस का काय?"

मुकादम एवढं बोलून थांबला नाही. घमेल्यातला ओला चुना त्यानं माझ्या तोंडावर भिरकावला. डोळ्यात गेला. उजव्या डोळ्यानं मला आजही धूसर दिसतं. पुढं बसलेले गवंडी हसले. मी पदरानं डोळा चोळत होते, आणि रावसाहेब ठेकेदार कडुनिंबाखाली उभे राहून सांगत होते, कामावर माणसानं जीव कसा जपावा.

इंदापूरकडच्या माळावर साखर कारखाना बांधायचं काम चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी आणि माझा थोरला भाऊ निरवांगीहून आलो होतो. आमच्या महारवाड्यातली बरीच माणसं तिथं होती. मध्यंतरी एक गवंडी बांबूच्या परांचीवरून पडला, पाय मोडला. तेव्हापासून रावसाहेब रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून बोलायचे. कुठली फळी हलते, कुठली शिडी कच्ची, आज कुठं चढायचं नाही. चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण बसायची रीत गावचीच. पुढं गवंडी-सुतार, त्यांच्या मागं माळ्या-मराठ्यांचे बिगारी, आणि आम्ही चुन्याच्या घाणीपलीकडे. चुना मळायच्या त्या घाणीचं दगडी चाक बैल ओढायचे. चुना घट्ट होऊ नये म्हणून ती बोलण्याच्या वेळीही थांबायची नाही. त्या घरघरीत आम्हाला रावसाहेबांचे ओठ हललेले दिसायचे. बस्स.

त्या दिवशी त्यांनी काठी मावळतीच्या भिंतीकडे रोखलेली मी पाहिली. दादाचं काम त्याच भिंतीवर. म्हणून मी घाणीला वळसा घालून पुढं गेले होते. तोंडावर चुना खाल्ला. मग दादानंच मला दंडाला धरून मागं ओढलं.

"सर मागं, बये. मुकादम सांगंल की आपल्याला."

माणसं उठल्यावर दादानं लांबूनच विचारलं, "मुकादम, काय म्हणलं रावसाहेब?"

"जपून चढा म्हणलं. चला, लागा कामाला."

दादा जपूनच चढला. डोक्यावर दगड, पाय अनवाणी, बोटांनी फळी चाचपत चढला. मावळतीच्या परांचीचे बांबू बांधलेले सुंभ कुजले होते. नवे बांधायचे म्हणून सुतारांनी जुने सोडून ठेवले होते. रावसाहेबांनी सकाळी तेच सांगितलं होतं. ज्यांना ऐकू गेलं ते सगळे उगवतीच्या बाजूला गेले. दादाच्या पायाखालचा बांबू निसटला. दादा पडल्याचा आवाज मला घाणीच्या घरघरीतूनही ऐकू आला.

रावसाहेब धावत आले. खरंच धावत आले. मग अंतर राखून थांबले.

"सकाळीच बजावलं होतं ना, इकडं कुणी चढायचं नाही म्हणून?"

"व्हय रावसाहेब, सांगितलं हुतं," सगळे म्हणाले.

कुणीही खोटं बोललं नाही.

"ह्या लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," रावसाहेब म्हणाले.

दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला ओरडायचं होतं, अहो, घडा पालथा नव्हता, तुम्हीच तो लांब ठेवला होता. चुनखडीच्या गाडीत घालून आम्ही त्याला बारामतीच्या दवाखान्याकडं नेलं. बारामती यायच्या आतच त्याचा हात माझ्या हातात गार पडला.

आई भिंतीवर डोकं आपटायची. दैवात होतं, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. दैव! दैवानं बसवलं होतं का आम्हाला घाणीपलीकडे? मला रडूही येईना.

चूल पेटेना म्हणून मी पुन्हा त्याच कामावर गेले. सकाळी पुन्हा तेच. कडुनिंब, रावसाहेब, घरघर. काठी नव्या शिडीकडं वळली. माझ्या शेजारी आमच्या बाया तीच शिडी चढायला पदर खोचून उभ्या होत्या. मी उठले. बैलाचा कासरा धरला आणि घाणी थांबवली.

सगळ्यांच्या माना वळल्या. मुकादम धावला. "सोड कासरा!"

"न्हाय सोडत. मार चुना. दुसरा डोळा हाय अजून."

मग मी रावसाहेबांकडं बघून बोलले. "रावसाहेब, पडायला आमी, अन् ऐकायला ह्ये व्हय? आमच्या कानावर पडंल असं सांगा. न्हायतर आमच्यातलं कुणी चढणार न्हाय."

मागं पाहिलं. बाया भेदरल्या होत्या, पण शिडीकडं एकीचाही पाय वळला नाही.

"हिला कामावरून काढा," रावसाहेब म्हणाले.

घाणी थांबलेली होती. त्यामुळं त्यांचं बोलणं पहिल्यांदाच आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

मी गेले. पुढं बारामती-इंदापूरकडं बऱ्याच कामांवर राबले, हाकललीही गेले. मुकादम मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. काम सुरू व्हायच्या आधी मी उठून सगळ्यांच्या पुढं जाऊन बसते आणि विचारते, आज कुठं पडायची भीती हाय? तोंडावर उत्तर मिळाल्याशिवाय माझा पाय शिडीवर पडत नाही. माझ्या मागच्यांचाही मी पडू देणार नाही.