नानांचं जाड अक्षर

नाना पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, मेहरूणमधल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात, कुणाच्या तरी लग्नाचा बॅनर कॉम्प्युटरवर मांडत होतो. फोन नानांच्या मुलाचा होता, धुळ्याहून. "सकाळी गेले," तो म्हणाला, "गावात लावायला बॅनर तेवढा तुम्ही करून द्या. ते तुमचं जाड अक्षर आहे ना, तेच टाका." तुमचं...! मी मुकाट्यानं हो म्हटलं, घाईघाईत फाइल करून पाठवली आणि शिंदखेड्याची वाट धरली. चौकात उतरलो तर नानांच्या फोटोखाली हातभर अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ते बघितलं आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. श्रद्धांजली जाड अक्षरात लिहायची नाही, हा नानांचा नियम. "दुकानले जाड, मयतले बारीक. गयेल मानूसवर वझं ठेवानं नही," असं ते म्हणायचे. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलो आणि नेमका त्यांच्याच वेळी विसरलो.

नानांचं जाड अक्षर मात्र बघण्यासारखंच होतं. धावत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे, ही त्यांची परीक्षा. वरची रेघ चांगली मनगटाएवढी, काना खाली येताना किंचित रुंद होणारा. जाड लिहायला गेलं की अक्षराच्या पोटातली जागा बुजते, लांबून नुसते काळे डाग दिसतात. म्हणून नाना आधी ती मोकळी जागा खडूनं आखायचे आणि मग तिच्याभोवती रंग भरायचे. एका पाटीवर दोन ‘क’ आले तर दोन्ही सारखे नसत. शेजारी कोण बसलंय ते बघून ते एकाला जरा अंग चोरायला लावत. खताची दुकानं, किराणा, केळीच्या ट्रकांची कपाळं... शिंदखेड्यापासून सावद्यापर्यंत त्यांचा हात कुठेही ओळखू यायचा.

फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. मी वेळेवर कॉम्प्युटर शिकलो. एका उन्हाळ्यात मोटारसायकलवर फिरून नानांच्या उरलेल्या पाट्यांचे मोबाईलवर फोटो काढले, एकेक अक्षर कॉम्प्युटरवर गिरवलं आणि त्याचा फॉन्ट केला. धुळ्याच्या नदीवरून नाव दिलं ‘पांझरा ठळक’. बनवणाऱ्याच्या जागी माझं नाव टाकलं. नानांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मग नाव त्यांचं द्यावं लागलं असतं ना! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. बघता बघता तो फॉन्ट पेन ड्राइव्हवरून खान्देशभर गेला. वाढदिवस, निवडणुका, क्लासच्या जाहिराती, केळीची खोकी, सगळीकडे तोच.

दोन वर्षांपूर्वी नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आले होते. दवाखान्यातून परस्पर दुकानात आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. टेबलावर केळीचं खोकं होतं. ते डोळ्याजवळ धरून त्यांनी ‘केळी’तल्या ‘ळ’वर अंगठा ठेवला. "हाऊ ळ कोना शे?" चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "कंपनीचा असतो, नाना. कॉम्प्युटरमध्ये आयताच येतो." त्यांनी बराच वेळ खोकं खाली ठेवलं नाही. मग म्हणाले, "चांगला शे. पोटमा जराशी जागा ठेव म्हना त्यास्ले." चहा घेतला आणि गेले. आणि मी काय केलं? ते गेल्यावर ‘ळ’च्या पोटात जागा वाढवली. खोटं बोलून झालं आणि त्यांनी दिलेली दुरुस्तीसुद्धा फुकट पदरात पाडून घेतली. याची लाज मला आज वाटते, त्या दिवशी नुसतं हायसं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात फॉन्टच्या फाइलमध्ये नानांचं नाव घातलं. गावोगाव गेलेल्या प्रती मात्र माझ्याच नावाच्या राहणार, त्याला आता इलाज नाही. ते नाव घालून शिंदखेड्याला अक्कांकडे, म्हणजे नानांच्या पत्नीकडे, गेलो. अक्कांना आता फार अंधुक दिसतं. स्वयंपाकघरात फळीवर पत्र्याचे डबे होते आणि प्रत्येकावर नानांच्या हातचं जाड अक्षर : साखर, हळद, मीठ. ऑइलपेंटचे थरावर थर दिलेले. अक्का बघत नव्हत्याच. बोटानं अक्षर चाचपून डबा काढत होत्या. माझ्यासाठी चहा टाकत होत्या.

"अक्का, ती कॉम्प्युटरमधली अक्षरं माझी नाहीत," मी म्हणालो. "नानांची आहेत."

त्यांचा हात थांबला नाही. "माले माहीत शे. त्यास्ले बी माहीत व्हतं. जळगावहून घर उनात तव्हय म्हनेत, पोरगा लाजी गया. आज ना उद्या येई आनि सांगी."

त्यानंतर नाना दोन वर्षं होते. जळगावहून शिंदखेडा तीन तासांचा रस्ता आहे.

अक्कांनी चहात साखर घातली, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला, अक्षर पुढे येईल असा फिरवून.