पांढऱ्या डागावरची सही

कुणी व्हाइटनरची बाटली उघडली, की त्या वासानं आमच्या कॉलेजची स्टाफरूम आठवते आणि माझं डोकं तापतं. तिथं दर वीस पोरांमागं एक पालक-शिक्षक नेमलेला असायचा. अभ्यास, घरच्या अडचणी, सगळं त्यानं विचारायचं. आमच्या सरांनी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. उद्या तपासणी समिती येणार म्हटल्यावर मात्र त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि तीन वर्षांच्या भेटींच्या सह्या एका दुपारीच करून घेतल्या, एक निळ्या पेनानं, एक काळ्या, म्हणजे तारखा खऱ्या वाटाव्यात. मी वालूरहून यायची. मायच्या आजारपणासाठी मी रजेचा अर्ज दिला होता, तेवढ्यावर सरांनी भेटींच्या वहीतलं माझं पान भरलं होतं: 'धीर दिला. आई आता बरी आहे. विद्यार्थिनी समाधानी.' मी म्हणाले, "सर, माय तर त्याच महिन्यात वारली." "मग आधी सांगायचं न्हाई का? सही कर, मागं पोरं थांबलेत." मी सहीच्या जागी 'आई वारली' असं लिहिलं. त्यांनी त्यावर व्हाइटनर फिरवलं आणि वाळावं म्हणून फुंकर मारली. तीन वर्षांत माझ्यासाठी घेतलेली तेवढीच तसदी. वर परीक्षेचा फॉर्म अडवीन म्हणाले, तेव्हा त्या पांढऱ्या डागावर मी सही केली. गेल्या महिन्यात देवगाव फाट्यावर तेच सर भेटले. "काय गं, आई बरी हाय ना आता?" "तुमी लिहिलं तशीच हाय, सर." "वा, बरं झालं," म्हणाले आणि बसमध्ये जागा धरायला पळाले.