अडकलेल्या इंजिनामागं विट्यापर्यंत

शनिवारी सकाळी पुण्यातून निघाले. सोमवारी आमच्या कारखान्यातल्या फिटर वैशालीची चौकशी होती आणि तिची नोकरी जाणार हे जवळजवळ ठरलं होतं.

सैन्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी छोटी बिनपायलटची विमानं उडवतात. त्यांची जेट इंजिनं आम्ही बनवतो, दुधाच्या किटलीएवढी. वैशालीनं जोडलेली पहिली दोन्ही इंजिनं चाचणीत जाम झाली. तिच्याआधी हे काम आमचे जुने फिटर, चाचा, करायचे आणि त्यांचं एकही इंजिन कधी अडकलं नाही. निवृत्तीनंतर ते रहिमतपूरला असतात. फोन उचलत नाहीत, मग काय, जाणं आलं.

खंबाटकीत ट्रकांमागं अर्धा तास गेला. साताऱ्याची मिसळ झणझणीत होती, पण मी अर्धी टाकून उठले. कोरेगावपुढं उसाच्या ट्रॉल्या असतात, लवकर निघा.

चाचांच्या घराला कुलूप! शेजारच्या काकू म्हणाल्या, "आवं, त्ये लेकीकडं विट्याला गेल्यात. कवा येत्यात, काय सांगता येत न्हाई."

औंधमार्गे विटा गाठायचं ठरवलं. तुम्ही गेलात तर यमाईचा डोंगर चढाच; मी खालूनच हात जोडले. गाडी चालवताना जुने दिवस डोक्यात घोळत होते. आमचा कारखाना सुरू झाला तो रॉकेटच्या सुट्या भागांवर. एका जुन्या लेथवर चाचा ग्राफाइटच्या कड्या कातायचे आणि संध्याकाळी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसायचे. पुढं जेट इंजिन आलं. त्याचं ड्रॉइंग माझं, नोकरीतलं पहिलंच. ते कधीच फसलं नाही, हे मी किती जणांना ऐकवलंय!

विट्यात चाचांच्या लेकीनं, शबानानं, चहा दिला. चाचांनी जाम इंजिनाचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"फिरत्या चाकाभवतीची पोलादी कडी तापून निळी पडलीया. चाक घासलंय आतनं."

"पण वैशालीनं चाक आणि कडीतलं अंतर अगदी ड्रॉइंगप्रमाणं ठेवलंय, चाचा."

"म्हणूनच घासलं."

चाक तापलं की फुगतं आणि मी त्याच्याभोवती जागा कमी सोडली होती. चाचांना हे पहिल्याच इंजिनाला कळलं. तेव्हापासून तपासणी होऊन आलेली प्रत्येक कडी ते पॉलिश पेपरनं आतून जराशी घासून घेत. निवृत्त होईपर्यंत, आणि कुणालाही न सांगता.

"मला तरी सांगायचं!"

"तुमी नव्या व्हता. सायबानं समद्यांम्होरं ड्रॉईंग फाडलं असतं. आन् सही झालेल्या कागदात कामगारानं चूक काढायची न्हाई, आसंच शिकलो आमी." मग हलकेच म्हणाले, "माजं नाव सांगा. चाचानं ड्रॉईंग सोडून काम केलं, पोरीला शिकवलं न्हाई, म्हणा. मला म्हाताऱ्याला कोण काय करतंय?"

मला लाज वाटली. पण खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज जास्त वाटली.

परतताना कराडवरून या, हायवे मिळतो. मी अख्ख्या वाटेवर मनात दोन जबाब लिहीत होते, एक चाचांवर ठपका ठेवणारा, एक माझ्यावर.

सोमवारी माझाच दिला. चूक ड्रॉइंगची, ड्रॉइंग माझं. कडी नव्या मापाला घासून वैशालीनं इंजिन जोडलं आणि ते सुरळीत चाललं. वैशालीचे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, "पण मॅडम, आधीची, चाचांची इंजिनं कशी चालली?" साहेबही माझ्याकडं बघत होते. मी चाचांचं नाव न घेता माझ्या जबाबाकडं बोट दाखवलं. वैशाली सुटली, आता चौकशी माझी आहे.

संध्याकाळी घरी बूट काढतेय तोवर शबानाच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं चाचा होते.

"चाललं का इंजिन?"

"चाललं."

"पोरीची नोकरी?"

"राहिली."

"आन् तुमची?"

"चौकशी बसलीय माझ्यावर."

"बरं," चाचा म्हणाले, "सकाळच्या यष्टीनं पुण्याला निघतो मी."