अर्ज बाईंचा, हमी भलत्याची

सेनगावचं ते प्रकरण आठवलं की आजही हायसं वाटतं. एका निर्दोष बाईची अटक टळली, एवढंच त्यातलं यश.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. तिथल्या पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, कॉम्प्युटर क्लासवाली बाई सरकारी नोकरीची हमी देऊन राहिली. इंटरनेटवर हाय." मी पाहिलं. वर ठळक अक्षरांत हमी, खाली बाईंच्या क्लासचा प्रवेश अर्ज. दुपारी तांड्यावरचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. "पोरीनं अर्ज भरला. नोकरीपायी सोयरीक थांबवली म्या. आता बाई म्हणते, नोकरी न्हाई."

वरिष्ठांनी तोवर पत्रकारांना संध्याकाळच्या चहाचं आमंत्रण धाडलंही होतं. आरोपी तेवढा आम्ही पुरवायचा होता.

बाईंना चौकशीसाठी बोलावलं.

"अर्ज तुमचा?"

"व्हय, माझाच."

"आणि हमी?"

"ती माझी न्हाई, साहेब."

खोटं बोलणारा सहसा सगळंच नाकारतो. बाईंनी अर्धं कबूल केलं, म्हणून मी थांबलो. तक्रारदारांनाही सोबत घेऊन आम्ही क्लासमध्ये गेलो. बाईंना अर्जावर 'प्रवेश बंद' असं लिहायला लावलं. हमीच्या पानावरही लगेच तेच उमटलं.

"सापडली," हवालदार म्हणाले.

मग ज्या संकेतस्थळावर अर्ज बनवला होता, तिथलं बाईंचं खातं मी स्वतः धुंडाळलं. त्यात अर्ज होता. हमी कुठेच नव्हती. कुणीतरी स्वतःच्या पानात बाईंचा अर्ज जसाच्या तसा बसवला होता, म्हणून इकडचा बदल तिकडेही दिसत होता.

"असं कुणालाही बसवता येतं? काहून मोकळा ठेवला?" हवालदारांनी बाईंना विचारलं.

"दुकानदार कॅलेंडर वाटतात, तसंच समजले मी. कुणी का लावंना, नाव तर आपलंच होतं."

अर्ज कोणकोणत्या संकेतस्थळांवर दिसू द्यायचा, हे ठरवण्याची सोय त्यांच्या खात्यातच होती. बाईंनी दोनच नावं ठेवली: स्वतःचं, आणि त्यांना विचारून अर्ज लावणाऱ्या हिंगोलीच्या एका कॉलेजचं. हमीचं पान पुन्हा उघडलं. हमी होती, खाली नुसता पांढरा चौकोन.

तक्रारदारांनी वाकून पाहिलं. "म्हंजे बाईनं न्हाई फसवलं."

पान चालवणारा पुढे परजिल्ह्यात सापडला. पत्रकार त्या दिवशी चहा पिऊन गेले.

नाव दिसलं की माणूस सापडला, असं मी तेव्हापासून मानत नाही. पण निर्दोष ठरणं पुरत नाही, हेही तिथेच कळलं. ठाण्यात परतून जबाबावर सही झाल्यावर मी घरी जायला जीप देऊ केली, तर बाई म्हणाल्या, "नको साहेब. पोलिसांच्या गाडीतून उतरले तर गाव म्हणंल, बाईचं काहीतरी व्हतंच."

तक्रारदारांनी पागोटं सारखं केलं. "चला बाई, म्या येतो संगं. बाजारातूनच जाऊ."